ऑपरेशन कंबरेवर, पण पायासाठी
कण्याची गोष्ट : भाग ६

पन्हाळा तालुक्यात कंबरदुखीचे दोन हंगाम असतात. पहिला आषाढातला. बाजारभोगावच्या बाजूला, कासारीच्या खोऱ्यात भाताची रोप लावण सुरू झाली की बायका सकाळी वाकतात त्या दुपारच्या भाकरीलाच सरळ होतात. पाय चिखलात, पाठीवर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद आणि हात सारखे भुईला. दुसरा हंगाम दिवाळीनंतरचा. कोडोली-वारणानगरच्या पट्ट्यात कारखान्याचं धुराडं पेटलं की फडात ऊसतोड सुरू होते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रॉलीत चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. गुऱ्हाळावर तीस किलोचा गुळाचा रवा वाकून उचलायचा तो वेगळाच. हंगाम सरत आले की कोल्हापुरातल्या हाडांच्या दवाखान्यांच्या बाकांवर ही माणसं दिसायला लागतात. हातात एमआरआयची मोठी पिशवी, तोंडी एक वाक्य, "मणक्यात गॅप आलाय", आणि मनात धाकधूक : आता ऑपरेशन करावं लागणार का?

गेल्या भागात आपण उसण पाहिली. स्नायू आणि मणक्यांचे छोटे सांधे यांचं ते दुखणं. कंबर धरते, माणूस वाकडा होतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप सरळ होतो. आजचा भाग गादीचा, म्हणजे दोन मणक्यांमधल्या डिस्कचा. तिच्यावरच्या शस्त्रक्रियेबद्दल लोकांच्या मनात जितकी भीती आहे तितकाच गोंधळ. बहुतेक गोंधळ एका गोष्टीने सुटतो, म्हणून ती आधीच सांगतो : गादीचं ऑपरेशन कंबरेवर होतं, पण ते करायचं असतं पायासाठी.

मानेपासून खाली आपल्या कण्यात अशा २३ गाद्या असतात, त्यांपैकी पाच कंबरेत. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट तंतूंची कडी असते. पंधरा ते पंचवीस थर, प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराच्या उलट तिरके. आत मऊ, पाणीदार गर. जन्मतः या गरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वयाबरोबर ते कमी होत जातं. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरच्या-खालच्या मणक्यांतून जे काही झिरपून येईल त्यावर तिचं भागतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झाल्यावर ती पुन्हा पाणी शोषून घेते. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी जास्त भरते. फुगलेल्या, ताणलेल्या गादीवर सकाळी उठल्या उठल्या वाकणं सगळ्यात जड जातं. १९९८मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत, पहाटेच्या वेळी कंबरेतून वाकणं टाळलेल्या लोकांची जुनी कंबरदुखी कमी झाली होती. आपल्याकडे अंगणाची झाडलोट, शेण भरणं, धारा काढणं ही सगळी वाकायची कामं नेमकी त्याच वेळेची. ती तासा-दोन तासांनी पुढे ढकलता आली किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी केली तर औषधाचा खर्च वाचेल. दुसऱ्या कुणी म्हणजे कुणी, हे घरातल्या पुरुषांनी समजून घ्यावं.

गादीवर दाब किती येतो, हे अंदाजाने सांगायची गरज राहिलेली नाही. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून तो मोजला. १९९९मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका निरोगी, ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या गादीत बारीक दाबमापक बसवून त्याला दिवसभराची सगळी कामं करायला लावली. आडवं पडलेलं असताना दाब ०.१ मेगापास्कल. सरळ उभं राहिलं की ०.५. नुसतं पुढे वाकलं, हातात काहीही नसताना, तर १.१. वीस किलोचं वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७, आणि पाठ गोल करून, गुडघे ताठ ठेवून उचललं तर २.३. मोटारीच्या चाकात हवा भरतात त्याच्या दहापट हा दाब भरतो.

या आकड्यांतून आपल्या तालुक्याचं बरंच काही कळतं. जुलै १६६०मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराजांना पालखीतून विशाळगडाकडे नेणारे भोई रात्रभर पावसात, चिखल तुडवत धावले. खांद्यावरचं ते ओझं कण्याच्या अगदी जवळून खाली उतरत होतं, आणि ताठ कणा असं ओझं पेलण्यासाठीच घडलेला आहे. रोप लावणाऱ्या बाईच्या हातात मूठभर रोपांपलीकडे वजन नसतं, तरीही वाकलेल्या अवस्थेत तिच्या गादीवर उभ्या माणसाच्या दुप्पट दाब येतो, तोही तासन्‌तास. ऊसतोडणी करणाऱ्याचंही तसंच. डोक्यावरची मोळी दिसते, म्हणून आपण तिला दोष देतो. खरी झीज होते ती त्याआधी, बुडख्यातून जमिनीलगत ऊस तोडताना आणि मोळी भुईवरून उचलताना कंबर पिरगळते तेव्हा.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की गादी कष्टांनीच झिजते. मलाही तसंच वाटायचं, आणि कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलायला ते सोयीचंही आहे. पण फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासाने या समजुतीला मोठा धक्का दिला. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या ११५ जोड्यांचे एमआरआय तपासले. कामाचं स्वरूप, खेळ, धूम्रपान, मोटार चालवणं, सगळं विचारून घेतलं. कंबरेच्या वरच्या भागातल्या गाद्यांची झीज कुणाची किती, यातल्या फरकाचा जेमतेम सात टक्के भाग आयुष्यभराच्या जड कामाने समजावता आला. वय धरलं आणि जन्म व घर एकच असल्याचा हिशेब घातला, की तोच आकडा ७७वर गेला. अगदी खालच्या दोन गाद्यांत घराण्याचा प्रभाव त्यापेक्षा कमी दिसला, पण तिथेही जड कामापेक्षा तो वरचढच होता. म्हणजे पन्हाळ्यावरच्या एखाद्या कचेरीत टेबलाशी बसणारा कारकून आणि त्याचा शेतात राबणारा सख्खा भाऊ, दोघांच्या गाद्या साधारण एकाच वेगाने म्हाताऱ्या होण्याची शक्यता जास्त.

याचा अर्थ कष्टाचा काही दोष नाही, असा कुणी मुकादम काढेल तर तो चूक ठरेल. झिजलेली गादी आणि दुखणारी गादी यांत फरक असतो. गादी किती झिजणार ते बरंचसं रक्तातून येतं. झिजलेली गादी कधी फाटणार आणि फाटल्यावर माणूस किती दिवस अंथरुणाला खिळणार, यात मात्र फडाचा, चिखलाचा, ट्रॅक्टरच्या हादऱ्यांचा आणि बिडीचा हात असतोच.

फाटते म्हणजे काय होतं? बाहेरच्या कडीतल्या तंतूंना आधी बारीक चिरा पडतात. वर्षानुवर्षं त्या कळतही नाहीत. मग एखाद्या दिवशी, कधी मोळी उचलताना तर कधी नुसती शिंक आल्याचं निमित्त होऊन, आतला गर त्या चिरेतून मागच्या बाजूला सरकतो. आपण ज्याला गादी सरकणं म्हणतो ते हेच. गादी सबंध जागची हलत नाही, तिच्यातला गर बाहेर येतो. मागच्या बाजूलाच, थोडी बाजूला, पायाकडे जाणारी नस असते. कंबरेतल्या अशा घटनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शेवटच्या दोन गाद्यांत होतात. अहवालात त्यांची नावं एल ४-५ आणि एल ५-एस १ अशी लिहिलेली असतात. वरची फुटली तर दुखणं साधारणपणे मांडीच्या बाहेरून, नडगीच्या बाजूने पायाच्या अंगठ्यापर्यंत येतं. खालची फुटली तर पोटरीतून टाचेकडे आणि करंगळीकडे जातं.

नस दाबली जाते म्हणून दुखतं, हे अर्धंच खरं. १९९३मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी डुकरांच्या नसेवर नुसता गादीतला गर ठेवला, कसलाही दाब न देता. तेवढ्यानेही नसेचं काम मंदावलं. गर स्वतःच नसेला सुजवतो. म्हणूनच एमआरआयमध्ये छोटासा फुगवटा असलेला माणूस रात्रभर तळमळतो आणि भला मोठा तुकडा बाहेर आलेला माणूस कधीकधी चालत दवाखान्यात येतो.

आता त्या पिशवीतल्या अहवालाकडे वळू, कारण बहुतेक घाबरगुंडी तिथूनच सुरू होते. डिस्क बल्ज, डीजनरेशन, डेसिकेशन, अॅन्युलर टेअर, थिकल कॉम्प्रेशन : एका पानावर इतके शब्द असले की कुणाचाही धीर सुटावा. १९९४मध्ये अमेरिकेत कंबर कधीच फारशी न दुखलेल्या ९८ धडधाकट माणसांचा एमआरआय काढला. ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांची गादी बाहेर डोकावत होती. पाचही गाद्या निर्दोष असलेले जेमतेम छत्तीस टक्के निघाले. पुढे २०१५मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सदतीस टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. केस पिकण्यासारखंच ते आहे. माझ्या मते एमआरआय केंद्रांनी अहवालाखाली ‘अशा गोष्टी न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास आढळतात’ एवढी एक ओळ छापली तर निम्मे अनावश्यक सल्ले आणि पट्टे वाचतील.

म्हणून चांगला डॉक्टर पिशवी उघडण्याआधी माणूस तपासतो. आमच्या भागात तो संवाद साधारण असा होतो.

"मावशी, कंबर जास्त दुखतीया का पाय?"

"पायच वो डॉक्टर. कंबरंचं काय एवढं न्हाई, पर पाय भुईला टेकवत न्हाई. इथनं पार अंगठ्यापातूर आग हुतीया."

एवढ्या उत्तरात अर्धं निदान होतं. मग पलंगावर उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय हळूहळू वर उचलतात. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान पायातून कळ गेली तर नस ताणली जातेय. फ्रेंच डॉक्टर लासेग यांच्या नावाने ही तपासणी जगभर ओळखली जाते, पण तिचं वर्णन १८८०मध्ये सर्बियाच्या लाझार लाझारेविच या डॉक्टरांनी केलं होतं. हे गृहस्थ सर्बियन भाषेतले नामांकित कथालेखकही होते, आणि त्यांच्या देशात आजही त्यांना ओळखतात ते कथांमुळे. मग टाचांवर चालायला सांगतात, चवड्यांवर चालायला सांगतात, पायाचा अंगठा जोर लावून वर ओढायला लावतात, घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारून पाय उडतो का पाहतात. यातून कोणती नस, कोणत्या बाजूची, हे कळतं. एमआरआयने त्याला दुजोरा दिला तर ठीक. डाव्या पायात कळ आणि चित्रात गादी उजवीकडे आलेली, असं असेल तर त्या चित्रावर भरवसा ठेवून चाकू हातात घेणारा सर्जन टाळलेलाच बरा.

निदान पक्कं झालं तरी लगेच ऑपरेशन करायचं नसतं. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि तो हळूहळू खाऊन टाकतात. गंमत अशी की चित्रात जो सर्वांत भयानक दिसतो, गादीपासून सुटून वेगळा पडलेला मोठा तुकडा, तोच सर्वांत जास्त वेळा विरघळतो. नुसता फुगवटा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. या काळात करायचं काय? एखाद-दोन दिवसांहून जास्त पडून राहू नये. वेदनाशामकं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, चालणं झेपेल तेवढं, वजन उचलणं आणि वाकणं बंद. नसेजवळ दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे आराम देतं, पुढचं ऑपरेशन मात्र ते टाळेलच असं नाही. पट्टा लावायचा तर प्रवासापुरता. महिनोन्‌महिने लावला की कंबरेचे स्नायू आळशी होतात. राहता राहिला पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याचा उपाय. नुसता हळुवार लागला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण फाटलेल्या गादीवर कुणी उभं राहून तुडवायला लागलं किंवा मणका बसवतो म्हणून झटका द्यायला लागलं, तर तिथून उठून निघून जावं.

काही वेळा मात्र थांबायला अजिबात जागा नसते. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर कण्याच्या शेवटचा नसांचा सबंध जुडगाच दाबला गेलाय असं समजावं. हे ऑपरेशन तासांच्या हिशेबात करायचं असतं. दोन दिवस उलटले की लघवीचा ताबा परत येण्याची आशा कमी होते. पन्हाळ्याहून कोल्हापूर वीस किलोमीटर, पण पावसाळ्यात पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीतून रात्री निघायचं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. तरीही सकाळची वाट पाहू नये. १०८ला फोन करावा, आणि पुढे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच थेट न्या, असं आग्रहाने सांगावं. पाऊल लुळं पडत चाललं असेल, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पायरीला चवडा अडखळतो, तर इतकी तातडी नसली तरी दिवसांत निर्णय हवा. आणि ज्याची कंबर रात्री जास्त दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटतंय, त्याने गादी विसरून आधी मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. आपल्या देशात तो अजून पुष्कळ आढळतो आणि गोळ्यांनी बरा होतो.

ही तातडी नसेल, पायातली कळ सहा आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर मग ऑपरेशनचा विचार. इथे दोन चाचण्यांचे निकाल माहीत असावेत. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३मध्ये दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी ऑपरेशन झालेले स्पष्टपणे बरे होते. चार वर्षांनी फरक धूसर झाला आणि दहा वर्षांनी उरलाच नाही. २००७मध्ये नेदरलँड्समध्ये पायात तीव्र कळ असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांपैकी निम्मे जण चार आठवड्यांच्या आत बरे झाले, थांबलेल्यांना त्यासाठी बारा आठवडे लागले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के माणसं बरी होती.

या आकड्यांवरून पुष्कळ डॉक्टर सांगतात की घाई कशाला, वर्षाने सगळे सारखेच. डच माणसाला ते चालून जातं, त्याला आजारपणाची पगारी रजा मिळते. बीडहून आलेल्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडायची असते याच हंगामात. त्यांच्यासाठी चार आठवडे आणि बारा आठवडे यांत अख्खा हंगाम बसतो. तो बुडाला की पुढच्या वर्षी उचल वाढते, आणि वाढलेल्या उचलीसाठी तीच कंबर पुन्हा वाकवावी लागते. रोप लावणीच्या ऐन दिवसांत आडवी झालेली बाई वर्षाने बरी होईल, पण त्या वर्षाचं भात लावायचं कुणी? त्यामुळे सहा-सात आठवडे गोळ्या खाऊनही पाय टेकवत नाही आणि एखादा मजूर ऑपरेशनला तयार होतो, तेव्हा त्याला उतावळा म्हणायची माझी तयारी नाही. उलट पहिल्याच आठवड्यात, नुसता अहवाल वाचून ऑपरेशनची तारीख देणाऱ्या माणसाचं मात्र मला आश्चर्य वाटतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनचा इतिहास फार जुना नाही. गादीचा तुकडा नसेवर येतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्जनांना दिसत होतं, पण ती कूर्चेची गाठ आहे असं समजून ते ती काढत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोसेफ बार यांनी अशा काढलेल्या ‘गाठी’ सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिल्या आणि त्या गादीच्याच निघाल्या. बार आणि विल्यम मिक्स्टर यांचा निबंध १९३४मध्ये आला आणि सायटिकाकडे पाहण्याची सगळी रीतच बदलली. तेव्हाची शस्त्रक्रिया मोठी असे, मणक्याची मागची कमान बरीचशी उडवावी लागे. १९७७मध्ये यासार्गिल आणि कास्पर यांनी, स्वतंत्रपणे, तीच शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली केल्याचं प्रसिद्ध केलं, आणि आजही तीच प्रमाण मानली जाते.

तिचं नाव मायक्रोडिसेक्टमी. रुग्णाला भूल देऊन पालथं झोपवतात. नेमका कोणता मणका, हे क्ष-किरणांच्या यंत्रावर पक्कं करतात, कारण चुकीच्या पातळीवर उघडणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत लाजिरवाणी चूक. तीनेक सेंटिमीटरचा छेद. स्नायू न कापता बाजूला सारतात, दोन मणक्यांच्या कमानींमधला पिवळा पडदा उघडतात, गरज पडली तर हाडाची कड थोडी खरवडतात. मग खाली नस दिसते, बऱ्याचदा लाल, ताणलेली. ती हळूच बाजूला धरून खालचा गराचा तुकडा चिमट्याने बाहेर काढतात. आणि इथे बहुतेकांची समजूत चुकते : सगळी गादी काढत नाहीत. बाहेर आलेलं आणि सुटं झालेलं तेवढंच काढतात. फाटलेली कडी शिवतही नाहीत, ती स्वतः डाग धरून भरते. साधारण तासाभराचं काम. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस चालतो, आणि पायातली ती आग बहुतेकदा भूल उतरताच गेलेली असते. बधिरपणा जायला महिने लागतात. हेच काम आठ-दहा मिलिमीटरच्या नळीतून, दुर्बिणीने, काही वेळा फक्त जागा बधिर करूनही करतात. छेद लहान, घरी लवकर. दूरच्या निकालांत मोठा फरक नाही, त्यामुळे सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय तीच निवडावी.

धोके आहेत. नसांभोवतीचं आवरण फाटून पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा. आणि शंभरात पाच ते दहा जणांना, कधी थोडं अधिक, त्याच जागेतून पुन्हा गर बाहेर येतो.

मधल्या काळात चाकूशिवाय गादी विरघळवण्याचाही प्रयत्न झाला, आणि त्याचं मूळ आपल्या परसातलं. कच्च्या पपईच्या चिकातलं एक पाचकद्रव्य गादीत टोचायचं. मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्ची पपई घालतात, त्यामागचंच हे रसायनशास्त्र. १९५६मध्ये सशांना पपईचं असं द्रव्य टोचल्यावर त्यांचे ताठ कान लोंबायला लागल्याचं दिसलं होतं, कूर्चा मऊ पडल्यामुळे. शिकागोजवळच्या लायमन स्मिथ यांनी १९६३मध्ये ते माणसाच्या गादीत टोचलं. १९८२मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. पण काहींना जीवघेणी अॅलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा झाली, आणि २००३मध्ये त्याची विक्री थांबली.

आता सर्वांत महागडा आणि माझ्या मते सर्वांत जास्त जपून घ्यायचा निर्णय : स्क्रू आणि पिंजरा घालून दोन मणके जोडून टाकणं, म्हणजे फ्यूजन. मणका पुढे सरकलेला असेल, सांधा डळमळीत असेल, तीच गादी पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर त्याला पर्याय नसतो. पण पायात काही नाही, फक्त कंबर दुखते आणि चित्रात एक काळी पडलेली गादी दिसते, एवढ्यावर जेव्हा मणके जोडतात तेव्हा निकाल डळमळतात. स्वीडनच्या २००१च्या चाचणीत फ्यूजन नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा सरस ठरलं. नॉर्वेत २००३मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००५मध्ये तुलना कसून आखलेल्या व्यायाम-कार्यक्रमाशी केली, तेव्हा फरक फारसा उरला नाही. कंबरेचं दुखणं गादीतूनच येतंय याची खात्री देणारी तपासणी अजून हाती नाही, हे त्यामागचं कारण. कृत्रिम गादीचंही असंच. तिच्या जनकांपैकी एक, पूर्व बर्लिनच्या कारिन ब्यूटनर-यान्झ, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या खेळाडू. १९८४पासून ही गादी माणसांत बसवली जाते. निवडक रुग्णांत ती चांगली चालते, पण पायात कळ आणणाऱ्या साध्या फाटलेल्या गादीवर तिचं काही काम नाही.

पायासाठी केलेलं ऑपरेशन किती गुण देतं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण क्रिकेटमधलं. मुंबईकर श्रेयस अय्यरच्या कंबरेची शस्त्रक्रिया २०२३च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये झाली. सप्टेंबरात तो आशिया चषकाच्या संघात होता आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याने ५३० धावा काढल्या. पुढे त्याची कंबर अधूनमधून धरल्याच्या बातम्याही आल्या. त्याच्या दिमतीला फिजिओंचा ताफा होता. कोडोलीच्या शेतकऱ्याने मात्र सर्जनला ऑपरेशनपूर्वीच स्पष्ट विचारावं : माझा पाय बरा होणार की कंबर? नुसता तुकडा काढणार की स्क्रू घालणार, आणि स्क्रू घालणार तर कशासाठी? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का? ऊस भरायला मी कधी जाऊ शकेन? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साधारणपणे असं असतं : चालणं पहिल्या दिवसापासून, हलकं काम महिन्या-दीड महिन्यात, जड वजन तीन महिन्यांनी आणि तेही गुडघ्यांतून वाकून, अंगालगत धरून. गडावर सकाळी फिरायला जायला हरकत नाही, तटाकडेने सपाटीवर असेल तर आणखी चांगलं.

पुढच्या भागात साठी ओलांडलेल्यांचं एक वेगळं दुखणं घेऊ. ही माणसं वाघबिळाकडून गड चढून येतात, पुढे झुकून चढताना त्यांना काहीच होत नाही. उतरताना मात्र दोनशे पावलांत पाय भरून येतात, आणि कठड्यावर दोन मिनिटं बसलं की पुन्हा चालू लागतात. त्यांच्या कंबरेत गादी फाटलेली नसते, नसांचा रस्ताच अरुंद झालेला असतो.